रंगीत प्रिंट, दहा रुपये

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गेटसमोर माझं दुकान,
झेरॉक्स, टायपिंग, सातबारा, पॅनकार्ड.
मशीनवर रोज हळदीचा थर बसतो,
मी रोज पुसते.

मगदूम काका आले ते मार्चमधल्या एका सौद्याच्या दिवशी,
धनपाल मगदूम, चाळीस वर्षं तोलाईदार.
फोन माझ्या हातात देऊन म्हणाले,
"एवढं छापून दे. रंगीत. शिक्का लाल आला पायजे."

शिक्का लाल आला.
खाली सही, सहीखाली लंडनचा पत्ता,
वर 'प्रिय विजेता'.
शून्यं मी मोजली, त्यांनी मोजली,
चहावाल्या पोरानं मोजली,
तिघांचा आकडा वेगळा.
एवढे कोटी ज्यानं द्यायचे ठरवले
त्याला काकांचं नाव ठाऊक नव्हतं.
हे मला दिसलं.
मी दहा रुपये घेतले, गल्ल्यात टाकले.

पंधरा दिवसांनी परत आले.
प्रोसेसिंगचे साडेबारा हजार भरून झाले होते,
आता कस्टमवाले अडवून बसले होते म्हणे,
अठ्ठेचाळीस हजार, आज सहाच्या आत,
आणि कुणाजवळ बोलायचं नाही,
बोललं की बक्षीस रद्द.
"बँकेचा फॉर्म तेवढा भर," म्हणाले, "चष्मा घरी राहिला."

मी पेन उचललं. खाली ठेवलं.
"काका, तिकीट कुठाय?"
"कसलं तिकीट?"
"लॉटरीचं. तुम्ही काढलेलं."

बाहेर हमाल पोत्यांना हूक लावत होते.
काकांनी तो कागद नाकाशी नेला,
जन्मभर मूठ नाकाशी नेली तसा.
राजापुरी कुठली, सेलम कुठली,
कुठल्या पोत्यात वर माल आणि खाली माती,
डोळे झाकून सांगणारं नाक ते.
बराच वेळ धरून ठेवला.
"ह्याला वासच न्हाई गं."

मग बाकावर बसले आणि माझ्याकडं न बघता बोलले,
"आमच्या वेळी सौदा रुमालाखाली व्हायचा.
भाव बोटांत. तोंडातनं चकार शब्द न्हाई.
पर रुमालाखाली समोरच्याचा हात असायचा,
घामेजलेला. कुणाची करंगळी वाकडी.
खोटा भाव दाबला की बोट थरथरायचं, कळायचं.
हितं पंधरा दिवस मी रुमालात हात घालून बसलोय,
आन् समोर हातच न्हाई."

पी हळद नि हो गोरी,
ही म्हण यार्डात दिवसातून चारदा कानावर येते.
नखांत हळद मुरलेल्या माणसालाही
ती दुसऱ्याविषयीच वाटते.

एकोणीसशे तीसला फोन लावला.
पलीकडच्या बाईनं विचारलं, मेल कधी आला, पैसे कधी भरले.
काकांना तारीख आठवेना.
मला आठवायची गरज नव्हती,
माझ्या वहीत होती:
रंगीत प्रिंट, एक. दहा रुपये.
पैसे त्याच दुपारी भरलेले,
इथून निघून, हा कागद खिशात घालून.

तक्रार नोंदली गेली. पैसे अजून आलेले नाहीत.
घरी काकूंना त्यांनी सांगितलंय, दाढेला लागले.
आता खरीच दाढ ठणकते
आणि डॉक्टरकडं जायची सोय नाही,
एकाच दाढेला किती वेळा साडेबारा हजार लागणार?
गालात लवंग धरून दुपारी इथं येऊन बसतात.
मी चहा सांगते. साखर कमी.

काल नर्सिंगची एक पोरगी आली,
मिरजेहून, धापा टाकत.
"ताई, हे रंगीत काढून द्या ना, घाई आहे."
मी आधी वरची ओळ वाचली.
तिचं नाव शोधलं. नव्हतं.
मशीन सुरू होतं, हिरवा दिवा लागलेला.
मी म्हटलं, "बस जरा."

काकांनी लवंग या गालातून त्या गालात घेतली
आणि बाकावर सरकून
तिला जागा केली.