शेपटाला किती

इथंही पाळी असते, डोळ्याला दिसत नाही एवढी:
एका मिलिसेकंदाला एक घास,
कोणाच्या ताटात, ते मशीन ठरवतं.
मी टॉवरखाली लॅपटॉप मांडून बसलोय.

आज सामना आहे. चौकातले पोट्टे
भरल्या दांड्या घेऊन टॉवरच्या कुशीत.
सगळं त्यांनाच वाढलं
तर बेरीज मोठी दिसते, साहेब खूश.

माझा बाप मामा तलावाचा पाटकरी.
तुडुंब पाटाशी उभा राहून विचारायचा,
"शेपटाले किती गेलं बे?
तोंडाजवळच्या बांध्या त भिजतेच.
पानी वाटलं कवा मनाचं?
शेवटल्या धुऱ्यावर पाय ओला झाला का."

स्क्रीनवर एक ठिपका. तलावापल्याड,
मोहाखाली, एकच दांडी, तीही विझू विझू.
शेवंता कुमरे असेल, आशा वर्कर,
टोल्यावरच्या बाळाचं वजन पाठवून रायली
चौथ्यांदा.

मी एक आकडा बदलतो. दशांशानंतरचा.
चौकात चेंडू हवेतच थांबतो,
चाक फिरत राहतं गोल गोल,
पोट्टे माझ्या खानदानापर्यंत पोचतात.

मग चेंडू पडतो. झेल की षटकार,
इथून कळत नाही.
ठिपका हिरवा होतो, जातो.

मी चपलेतून पाय काढून
उगाच बघतो.