भराव

स्क्रीनवर माझ्या वरच्या जबड्याचं चित्र,
करडं, बोअरच्या नोंदीसारखं.
डॉक्टर मढवी पेन टेकवून म्हणाल्या,
"इथं हाड उरलंय तीन मिलिमीटर.
त्यावर सायनस, म्हणजे नुसती हवा.
स्क्रू बसवू कशात?"

मला कळायला वेळ लागला नाही.
एकतीस वर्षं माती तपासली मी
नेरुळच्या खाडीकडेला, भरतीचं पाणी बुटात घेऊन.
चिखल किती, खडक किती खाली,
रोज एवढंच लिहिलं, कार्बन घालून तीन प्रतींत.

दाढ काढून अकरा वर्षं झाली.
रिकाम्या जागी हाड थांबत नाही म्हणे, झिजतं,
आणि वरची पोकळी खाली उतरत येते.
तेव्हा कुंदाचं आजारपण होतं.
पैसा तिकडे लागला, घास मी डावीकडे वळवला
आणि तसाच चावत राहिलो,
ती गेल्यावरही.

संमतीपत्रावर सही करताना विचारलं, "भराव कशाचा?"
"गुरांच्या हाडाचा, शुद्ध केलेला. नको तर कृत्रिम."
"कुठल्या खाणीतला?" निघून गेलं तोंडातून.
त्या हसल्या. असं कुणी विचारत नाही म्हणाल्या.

मग सुई. मग गिरमिटाचा आवाज, हाडातून थेट कानात.
हिरडीमागे त्यांनी एक खिडकी उघडली.
"आता पडदा उचलते. अंड्याच्या आतल्या पापुद्र्याएवढा असतो.
हलू नका."
हललो नाही.
त्या दाणे दाबत राहिल्या, थर, मग थर,
आणि मदतनीस मुलीशी बोलत होत्या,
"अगं, आजोबांचं मिठागर या इमारतीच्याच खाली.
डंपर आले तेव्हा बांधावर उभे राहून मोजत होते.
दोनशे बारापर्यंत मोजले, मग घरी आले."

माझं तोंड उघडं, त्यात त्यांचे दोन्ही हात.
या पट्ट्याच्या अहवालावर सही कुणाची
ते मला माहीत होतं.
क्षारांसाठी त्यात एक रकाना होता.
मिठागरासाठी नव्हता.

दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही.
शिंक आलीच तर तोंड उघडून शिंकायची.
स्ट्रॉ नको, विमान नको, नातवाचे फुगे नकोत.
"आणि सहा महिने थांबायचं. भराव मुरू दे.
घाई केली की खचतं."
हेच मी कंत्राटदारांना सांगायचो.
एकही थांबला नाही.

टाके काढायला पुढच्या शुक्रवारी बोलावलंय.
तेव्हा तोंड मोकळं असेल.

खाली आलो, गालाला बर्फ धरून.
जिन्याच्या पायाशी भिंतीला लोणा फुटला होता,
पांढरा, भुसभुशीत.
बोट लावून जिभेवर ठेवलं.
खारट.
पण भिंतीचं की टाक्यातल्या रक्ताचं,
हे तपासायला आता माझ्याकडे
ना परीक्षानळी, ना फॉर्म.