खुळ्यानं पिसायचे

बस, मास्तर. तो स्टूल डगमगतो,
भिंतीला टेकवून बस.
अजून दहा-बारा दिवस काही येत नाही इकडे.
समुद्रावरचा बर्फ घसरगाडी पेलण्याइतका जाड राहिला नाही
आणि होडीला वाट देण्याइतका पातळ झाला नाही.
टपालाचं पोतं माझ्या काउंटरखाली तसंच पडलंय,
आईला लिहिलेलं तुझं पत्रही त्यातच.
तेव्हा पत्ते.

दुर्रीपासून पंजीपर्यंत सगळी पानं काढलीत,
अग्नियाची नात त्यांचे बंगले बांधते.
उरतात छत्तीस. प्रत्येकाला सहा.
मग एक पान उताणं करून गड्डीखाली आडवं सारायचं,
अर्धं बाहेर डोकावेल असं.
तो हुकूम. आज किलवर.
हुकुमाचं सगळ्यांत लहान पान ज्याच्याकडे, तो आधी उतरतो.
(प्रोखोर, तुझ्याकडे सत्ती आहे. लपवू नकोस,
तुझ्या भुवया सांगतात.)

समज, त्यानं तुझ्यावर इस्पिक सत्ती टाकली.
तू इस्पिकचंच मोठं पान टाकायचं, नाहीतर हुकमानं कापायचं.
दश्शीनं मारलीस?
म्हणजे टेबलावर आता एक सत्ती, एक दश्शी.
मग कुणीही सत्त्या-दश्श्या तुझ्यावर भिरकावू शकतं.
मीसुद्धा. भाकरी वाढली म्हणून दया दाखवणार नाही.
सगळं मारलंस तर पानं बाजूला, पालथी,
त्यांच्याकडे पुन्हा बघायचं नाही.
नाही मारता आलं तर सगळी उचलायची
आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं
स्वतःला चहा ओतून घ्यायचा.

उचलणं म्हणजे हरणं नव्हे.
प्रोखोर एकदा चोवीस पानं घेऊन बसला होता,
दोन हातांत मावेनात म्हणून टोपीत ठेवली,
तरी सुटला.

आणि हे नीट ऐक, तुम्ही शिकलेली माणसं इथंच चुकता:
या खेळात जिंकणारा नसतो.
गड्डी संपली, हातातली पानं संपली
की माणूस गुपचूप सुटतो,
उठून चुलीत लाकूड सारतो.
शेवटी ज्याच्या हातात पानं उरतात तो खुळा.
हरतो तो एकटा,
बाकीचे नुसते वाचतात.

शेवटचा वार छक्क्यांचा असला
तर त्या खुळ्याच्या दोन्ही खांद्यांवर ठेवायच्या,
कर्नलच्या पट्ट्यांसारख्या,
आणि सगळ्यांनी उभं राहून सलाम ठोकायचा.
पुढचा डाव त्यानंच पिसायचा.
शहाण्यांना कुठं वेळ असतो पिसायला?

आता बदाम नव्वीचं.
ती येफिमच्या कोटाच्या खिशात गेली.
लबाडी केली होती त्यानं,
सुटला, हसला, मिशी पुसली,
पहाटे जाळी काढायला गेला.
मागाहून मोजली तर पस्तीसच भरली.
परत येऊ दे, म्हणालो, कान उपटतो.
दिवसही असेच होते, एप्रिलचे.

तिच्या जागी अग्नियानं
आयोडीनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घातलाय,
लाल पेन्सिलीनं नऊ बदाम काढलेत,
दोन जरा बटाट्यासारखे झालेत.
नवी जोड दोनदा आली बोटीनं. पडून आहे फळीवर.

पुठ्ठ्याची पाठ पांढरी.
बाकी सगळ्या पाठी निळ्या जाळीच्या.
तेव्हा ती कुणाच्या हातात आहे
हे टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला दिसतं,
आणि आपला नियम असा
की ते कुणालाही दिसत नाही.
त्यावरून डाव बदलायचा नाही,
डोळा तिकडे वळवायचा नाही,
लहान पोरांनासुद्धा इथं हे कळतं.

आत्ता तुझ्या हातात डावीकडून तिसरी आहे.
मी पाहिलेली नाही.

हं, प्रोखोर, उतर.
चहा निवतोय.