बाविसावी ओळ

खिरोद्यापर्यंत दोन्ही अंगांना केळीच होती,
मग रस्ता वर चढू लागला
आणि जीपमधल्या बर्फाच्या पेटीत
रिकाम्या कुप्या एकमेकींवर वाजू लागल्या.
त्यांत लोकांची थुंकी गोळा करायची होती.
माझं काम तेवढंच, आणि दंडाला पट्टा बांधायचं.
जळगावच्या दवाखान्यातून मला
चार दिवसांपुरती उसनी मागून घेतली होती.

डॉक्टर प्रभुणे म्हणाले,
माणूस झाडांत चाळीस मिनिटं बसला
की त्याच्या थुंकीतली भीती कमी होते.
भीती नाही म्हणाले ते, दुसरा शब्द होता,
तो मी प्रत्येक कुपीवर चिकटवला,
मनात मात्र भीतीच लिहिलं.

एकवीस माणसं भुसावळहून आणलेली:
तिकीट-खिडकीवरचे दोघे, बँकेतल्या झोपे मॅडम,
एक शिक्षक, मोबाईल काढून घेतल्यावर
ज्यांचा हात कितीतरी वेळ खिशाशी जात राहिला.
पालच्या पुढे, अंजनाखाली त्यांना बसवलं.
माघ सरत आलेला. सलई उघडी, पांढरट,
सालीचे पापुद्रे सुटलेले;
सुकीच्या पात्रात घोटाभर पाणी, बाकी दगड.
बोलायचं नाही, असा नियम.
झोपे मॅडम दहाव्या मिनिटाला रडल्या.
त्याला रकाना नव्हता.
मी समासात पेन्सिलीनं एक टिंब काढलं.

आणि खरंच उतरलं होतं.
एकशे अडतीसचं एकशे चोवीस,
शिक्षकांचं तर इतकं की पट्टा पुन्हा बांधून पाहिला.
डॉक्टर चष्मा पुसत हसले.
मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू,
वॉर्डात कुणाचं काही इतक्या सहज उतरत नाही.

मग ते म्हणाले, वाटाड्याचंही घ्या.
जन्म जंगलात गेलेल्याचं
कसं असतं, बघू.

लुकमान तडवी उकिडवा बसला,
बाही वर सारली. दंड धावड्याच्या लाकडासारखा.
एकशे शहात्तर, एकशे दहा.
मी काट्याला टिचकी मारली. दुसरा हात घेतला.
एकशे ऐंशी.
"मीटर बिघडलं काय, ताई?"
नाही, म्हटलं.

हवा सुटेपर्यंत तो सांगत राहिला,
हळू, झाडांना ऐकू जाऊ नये असं:
नाक्यावर रात्री तो एकटा.
सागवानवाले येतात तेव्हा दिवा विझवायचा
की ओरडायचं, हे त्यानंच ठरवायचं.
चैतात वणवा, तो ओल्या फांदीनं झोडपायचा.
पगार येतो तेव्हा येतो.
बाप कसायचा त्या तुकड्याचा कागद
कचेरीतून तीनदा परत आलेला.
"तुम्ही डोळे मिटून बसले ना,
तवा मी पाहत ऱ्हातो,
कोनत्या झाडामागे कोन आहे."

डॉक्टरांचा पेन थांबला.
हा एक आकडा सगळी सरासरी बिघडवेल, म्हणाले.
वाईट नव्हते ते. स्वतःच्या पिशवीतली
गोळ्यांची पट्टी दिली त्याला,
कधी घ्यायची ते दोनदा समजावलं,
आणि मग बाविसाव्या ओळीवर
पट्टी धरून आडवी रेघ मारली.

ऊन कलल्यावर सगळे जीपकडे गेले.
मी कुप्या मोजत मागे राहिले; एक उरत होती.
लुकमाननं विचारलं, "तुमचं मोजलं का कोनी?"
कुणीच नव्हतं मोजलं.
मी दंड पुढे केला, नळ्या त्याच्या कानात घातल्या,
फुगा कसा दाबायचा ते दाखवलं.
त्यानं तीनदा दाबला, ऐकू लागला.
किती? मी विचारलं.
काट्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.
"कोनीतरी चालून ऱ्हायलं," तो म्हणाला,
आणि मान वळवून
सलयांच्या मागे पाहू लागला.