नितळ

कायदा आला. म्हणाला, गावावर धूर नको.
मग ट्रेंट नदीकाठच्या वीजघराने
धुराडं आणखी उंच बांधलं.
विनिफ्रेडची दोरीवरची चादर
त्या वर्षी पहिल्यांदा
संध्याकाळपर्यंत पांढरी राहिली.
तिने ती दोनदा हुंगून पाहिली.

केर उंबऱ्याबाहेर लोटला
की घर स्वच्छ होतंच.

समुद्रापलीकडे, नॉर्वेत,
गुनवोरच्या तळ्याचं पाणी
दरसाल नितळ होत गेलं.
तळाचा दगडन्‌दगड मोजता येईना का!
पाहुणे म्हणाले, काय सुंदर.
बाप जाळं वाळत घालत होता.
ते ओलं झालंच नव्हतं.

नंतर मोजमापं, परिषदा,
वारा नेमका कुठल्या देशाचा
यावर अकरा वर्षं चहापान.
धुराड्याला गाळणी बसली,
मग वीजघरच बंद झालं.

गुनवोर आता सत्तरीची.
अजून दर वसंतात होडीतून
तळ्यात चुना ओतते.
चुना लावला कुणी
आणि गोणी उचलतंय कोण,
हे ती हल्ली बोलत नाही.

यंदा मात्र तळ नीट दिसेना.
काहीतरी हिरवट, गढूळसं.
वल्हं पाण्याबाहेर धरून
ती वाकून बघत राहिली.