सेकंदाला एक

राईस मिलच्या लिलावात चारशेला मिळालं
आग विझवायचं लाल नळकांडं,
मानेवर अजून कोंडा चिकटलेलं.
मिलला आग कधी लागलीच नाही.
बावीस वर्षं भिंतीवर टांगून राहिलं बिचारं,
सज्ज.

साकोलीच्या सोडावाल्यानं आधी तारीख पाहिली,
म्हणाला, दाबाची चाचणी करून आणा.
ती भंडाऱ्याला. दोन एसट्या, एक किरकोळ रजा.
मग भरला त्यानं तोच गॅस, जो लिंबूसोड्यात फसफसतो.
"गाडा टाकता का?"
"नाही. झाडांना द्यायचाय."
"कोनच्या झाडायले?"
"पाण्यातल्या."
पावतीवर त्यानं लिहिलं : इतर.

रेग्युलेटर इलियासभाईच्या वेल्डिंगच्या दुकानातला,
काटा चाळीसवर अडकतो,
टिचकी मारली की खरं बोलतो.
पितळेची बारीक चावी नागपूरहून पार्सलनं.
पुढे सलाईनचा सेट, मुदत संपलेला, न वापरलेला,
आणि टोकाला कडुनिंबाची काडी
नळीत घट्ट ठोकलेली,
तिच्या रंध्रांतून बुडबुड्यांचा धूर होतो.
सांध्यांना साबणाचा फेस लावून बसलो.
तिसऱ्या सांध्यावर बेडकाच्या गळ्यासारखा फुगा आला.
टेफलॉनचे अजून चार वेढे.

थेंब मोजणं हे माझं कामच आहे.
आरोग्य केंद्रात एकोणीस वर्षं
कुणाच्या तरी हातात थेंब सोडत आलो,
घड्याळ लागत नाही.
फक्त तिथे ते खाली येतात.
इथे तीच नळी, तोच पारदर्शक डबा, उलटा धरलेला,
आणि बुडबुडा वर जातो.
सेकंदाला एक.

हे सगळं कशासाठी, तर
जेसीबी बोडीत उतरला त्या आठवड्यात
देवांगनाबाई नान्हे टोपलं घेऊन दारात आली.
टोपल्यात चिखल, चिखलात मुळं, लांब फितीसारखी पानं.
"हे ठेव बा तुया काचीत.
बोडी निवळली का परत लावू."
पंधरा दिवसांत पानं काचेसारखी झाली,
बोट लावलं की विरघळायची.
तिला काय सांगणार होतो मी?

पहिल्याच शनिवारी चावी उघडी राहिली.
रात्री अकराला बोलावणं आलं, प्रसूती.
मूल रडायला वेळ लावत होतं.
सिस्टर पाठ चोळत होत्या, मी पिशवी दाबत होतो,
दाब, सोड, दाब.
मग रडलं.

चारला घरी आलो तेव्हा
शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेलं निळं पाणी
बाटलीत हळदीसारखं पिवळं,
आणि अकराच्या अकरा मासे पृष्ठभागाला तोंडं लावून.
चावी बंद केली. तांब्यानं पाणी उचलून
उंचावरून ओतत राहिलो,
हात भरून आला तरी ओतत राहिलो.
उजाडलं तेव्हा नऊ होते.

आता रात्री चावी बंद असते.
अंधारात झाडंही आपल्यासारखाच श्वास घेतात
हे पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं.
सकाळी सातला उघडतो.
बाटली हिरवी झाली, उन्हाळी मुगाच्या शेंगेएवढी हिरवी,
की ड्युटीवर जातो.

परवा देवांगनाबाई आली, दुपारची.
जमिनीवर बसली, नाक काचेला लावून.
नव्या पानांच्या कडांवर बारीक मोती धरले होते,
एकेक सुटून वर जात होता.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "घाम आला त्याले."

बाहेर बोडीचं पाणी अजून दुधाच्या चहासारखं.
काठावर बेशरम पुन्हा हातभर वाढलाय.
उठताना तिनं विचारलं,
"बोडीले किती नळकांडे लागल रे?"
मी खरंच हिशोब करू लागलो,
लांबी, रुंदी, खोली,
आणि ती पदर तोंडाला लावून हसत
पायऱ्या उतरून गेली.