दोन अंश

बाबांना आता होकायंत्रावरची अक्षरं दिसत नाहीत.
लाखेवर कोरलेली वलयांमागून वलयं,
चोवीस डोंगर, मुंग्यांच्या रांगेसारखे,
मधोमध बटणाएवढी डबी, डबीत सुई.
सुई मी वाचते. बोलतात ते.
गिऱ्हाइकाला वाटतं,
मुलगी नुसती पिशवी धरायला आलीय.

त्या गुरुवारी क्वुन टाँगला, सतराव्या मजल्यावर,
सिट बाईंचं घर. घर म्हणजे खोली.
खोलीत लोखंडी बंक, बंकवर शिवणयंत्र,
भाताचा कुकर, दुमडलेल्या रजया,
कॅलेंडरमागे खोचलेली विजेची बिलं.
नवरा फेब्रुवारीत बांबूच्या परांचीवरून पडला.
वाचला. पण उजवा हात
अजून चॉपस्टिक धरत नाही.

"घरातच काहीतरी वाकडं असणार," बाई म्हणाल्या.
"समोरच्या फुंगनं आठकोनी आरसा लावला,
आमच्या दाराकडे तोंड करून.
मग आम्हीही लावला. मग त्यानं याहून मोठा."
खरंच. पॅसेजमध्ये दोन आरसे
एकमेकांवर डोळे वटारून,
आणि मधून लिफ्टकडे जाणारा डिलिव्हरीवाला पोरगा
काही कळायच्या आत दोन्हीकडून कापला जात होता.

बाबांनी भिंतीवरून हात फिरवला, गाईवरून फिरवावा तसा.
नळ सोडायला लावला, ऐकला, बंद करायला लावला.
शेगडीजवळ थांबून नाकानं श्वास घेतला.
नवरा खुर्चीत बसून होता. त्याला विचारलं,
"झोपताना डोकं कुठे करता?"
तो म्हणाला, "जिथे उशी असेल तिथे."
बाई त्याच्यावर खेकसल्या.
बाबा म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

मग मी बंकापासून लांब, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून
होकायंत्र आडवं केलं.
सुई थरथरली, थरथरली, आणि बसली.
एकशे एकाहत्तर.
म्हणजे बिंगच्या डोंगरात.
म्हणजे शेगडी हलवा. म्हणजे गॅसची नळी,
भिंतीला भोक, गृहनिर्माण खात्याचा अर्ज,
नऊ हजार डॉलर, तेही ओळखीतला मिस्त्री असेल तर.
दीड अंश पलीकडे हद्द,
हद्दीपलीकडे घोडा.
आणि घोड्याला फार काही लागत नाही:
दारामागची खोकी काढा, बल्ब बदला,
खिडकीतली वाळकी तुळस नव्हे, ती जेडची कुंडी
जरा उजेडाकडे सरकवा.

(तुळस कशी आली तोंडात? आमच्या जिन्यात एका
भारतीय बाईंनी ठेवलीय. रोज तिला पाणी मीच घालते.)

"किती?" बाबा.
"एकशे त्र्याहत्तर," मी.

बाबा काही वेळ गप्प राहिले.
मग त्यांनी घोड्याचं सगळं सांगितलं,
खोकी, बल्ब, कुंडी,
आणि एक आपल्या मनानं घातलं:
"आरसा आजच उतरवा. आधी तुम्ही."

बाईंचा नंतर फोन आला. फुंगनंही उतरवला.
खिळा तेवढा राहिलाय, त्याला तो छत्री अडकवतो.
हात?
हात तसाच आहे.

पण त्या दिवशीचं सांगते. चुंग चावची संध्याकाळची बोट,
आम्ही वरच्या डेकवर. वारा असा की
बाबांची टोपी मी माझ्या मांडीखाली दाबून बसलेली.
पाणी काळं, त्यावर कंटेनरवाल्या जहाजांचे दिवे.
आयुष्यभर लोकांच्या खोल्यांमधून
यांनी हेच दोन्ही शोधलं, वारा आणि पाणी,
आणि इथे फुकटात इतकं, की डोळे झोंबतात.

"बंक कुठल्या अंगाला होता?" त्यांनी विचारलं.
"डाव्या."
"हं."
त्यांनी लाल पाकीट न फोडता माझ्याकडे दिलं.
"तुझी आई पैसे मोजायची.
गरिबाघरचं पाकीट असलं की
तिचं मोजणं हमखास चुकायचं. दोन नोटा जास्तच भरायच्या.
मग ती धावत जाऊन जिन्यात परत करून यायची."

बोटीनं भोंगा दिला. धक्का दिसायला लागला.

"चष्म्याचा नंबर तपासून घे एकदा," ते म्हणाले,
आणि टोपीसाठी हात पुढे केला.
"घाई नाही."